परदेशची नोकरी व तिचे कागद



वर्गांत आपल्या शेजारीं बसणाऱ्या एखाद्या मित्राचा भाऊ दुबईस असतो, कोणाची मावशी कुवेतच्या रुग्णालयांत परिचारिका असते, तर कोणाचे काका जर्मनींतील एखाद्या कारखान्यांत काम करीत असतात. अशा घरीं दरमहा येणाऱ्या पैशांवर भावंडांचीं शिक्षणें होतात, गळकीं छपरें नवीं होतात आणि डोक्यावरचें कर्ज फिटतें. हें पाहून आपणही मोठेपणीं परदेशीं जावें असें पुष्कळांच्या मनांत येतें, आणि त्यांत वावगें असें कांहींच नाहीं. परंतु गेलेला माणूस कोणत्या कागदांच्या आधारावर गेला, तेथें तो कोणत्या अटींवर राहतो, आणि उद्यां त्याची नोकरी सुटली तर पुढें काय, असें त्याच्या घरच्यांस विचारलें तर बहुधा उत्तर मिळत नाहीं. कित्येकदां तें जाणाऱ्यालाही ठाऊक नसतें. परक्या मुलखांत एकट्यानें राहावयाचें असतां हें अज्ञान फार महाग पडतें. म्हणून परदेशच्या नोकरीस कोणते कागद लागतात, ते कोण देतो व त्यांचा अर्थ काय, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस शक्य तितक्या सोप्या रीतीनें सांगण्याचें या लेखांत योजिलें आहे.

कागदांचा इतिहास

पासपोर्ट व व्हिसा यांवांचून आज परदेशप्रवासाची कल्पनाही करवत नाहीं. पण ही स्थिति फार जुनी नाहीं. आनंदीबाई जोशी वैद्यकीच्या शिक्षणासाठीं अमेरिकेस निघाल्या, तेव्हां त्यांचें वय अवघें अठरा वर्षांचें होतें. पतीस मागें ठेवून ७ एप्रिल १८८३ रोजीं त्यांनीं कलकत्ता सोडलें आणि ४ जून रोजीं त्या न्यूयॉर्कला पोंचल्या. त्यांच्या मार्गांत ज्ञातीचा रोष, पैशाची चणचण व नाजूक प्रकृति अशीं संकटें होतीं; परंतु अमेरिकेच्या सरकारकडून आगाऊ व्हिसा मिळविणें हें संकट त्यांत नव्हतें, कारण तशी पद्धतच त्या काळीं तेथें नव्हती. मात्र दारें तेव्हांही सर्वांस सारखींच उघडीं होतीं असें नाहीं. आदल्याच वर्षीं, म्हणजे १८८२ सालीं, चिनी मजुरांस मज्जाव करणारा कायदा अमेरिकेनें केला होता.

त्याच शतकांत आपल्या देशांतील लाखों मजूर एका निराळ्याच कागदावर समुद्रापार जात होते. १८३४ सालापासून मॉरिशसच्या, आणि पुढें इतर वसाहतींच्या, उंसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर नेण्यास प्रारंभ झाला. त्यांत मुंबई इलाख्यांतून गेलेले मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आजही मॉरिशसमध्यें राहतात व मराठी म्हणवितात. इंग्रजी ‘अ‍ॅग्रीमेंट’ या शब्दाचा अपभ्रंश होऊन त्या कराराला ‘गिरमिट’ असें नांव पडलें. ठराविक वर्षें एकाच मळ्यावर राबण्याचें बंधन त्यांत असे, आणि त्यावर अंगठा उठविणाऱ्या बहुतेकांस त्यांतील एक अक्षरही वाचतां येत नसे. अखेर १९१७ सालीं ही मजूरभरती थांबविण्यांत आली. आपण कशास बांधले जात आहों, हें त्या मजुरांस मळ्यावर गेल्यावर कळे, आणि तेव्हां परतीची वाट बंद झालेली असे.

प्रत्येक प्रवाशानें पासपोर्ट बाळगलाच पाहिजे ही रीत पहिल्या महायुद्धानें पाडली. १९१४ सालीं युद्ध पेटतांच प्रत्येक राष्ट्रास हेरांची धास्ती वाटूं लागली आणि सरहद्दीवर कागद तपासले जाऊं लागले. युद्ध संपलें, पण तपासणी संपली नाहीं. १९२० सालीं राष्ट्रसंघाच्या विद्यमानें पॅरिस येथें भरलेल्या परिषदेनें पासपोर्टाचा एक सामान्य नमुना सुचविला, आणि त्याच वर्षीं हिंदुस्थानांत येणाऱ्यांस पासपोर्ट आवश्यक करणारा कायदा आपल्याकडेही झाला. पुढें स्वतंत्र भारतांत १९६७ सालीं, परदेशीं जाणें हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें दिला, आणि त्याच वर्षीं सध्यांचा पासपोर्टाचा कायदा अस्तित्वांत आला. म्हणजे कायद्यानें सांगितलेल्या कारणांवांचून आपलें सरकार आपणांस अडवूं शकत नाहीं. परंतु येथेंच एक गोष्ट नीट ध्यानांत धरिली पाहिजे. आपल्या घरांतून बाहेर पडणें हा आपला हक्क असला, तरी दुसऱ्याच्या घरांत कोणास घ्यावें हें त्या घरचा धनी ठरवितो.

तीन कागद

यावरून परदेशच्या नोकरीस लागणारे तीन मुख्य कागद सहज समजतील. पहिला पासपोर्ट. हा आपलें सरकार देतें. अमुक नांवाचा, अमुक दिवशीं जन्मलेला हा मनुष्य भारताचा नागरिक आहे, एवढेंच तो सांगतो. दुसरा व्हिसा. ज्या देशांत जावयाचें त्या देशाचें सरकार तो देतें. अमुक हेतूनें व अमुक मुदतीपर्यंत या मनुष्यास आमच्या देशांत येण्यास हरकत नाहीं, असें तो सांगतो. तिसरा नोकरीचा करार. हा मालक देतो. काम कोणतें, वेतन किती, तास किती, सुट्टी किती, राहण्याची सोय कोणीं करावयाची, हें त्यांत असतें. तिन्ही कागद देणारे निराळे आहेत आणि एकाची उणीव दुसऱ्यानें भरून निघत नाहीं. करार उत्तम, पण व्हिसा चुकीचा असेल, तर तेथें केलेलें काम बेकायदेशीर ठरतें. व्हिसा बरोबर, पण करार खोटा असेल, तर वेतन मागण्यास आधार उरत नाहीं.

व्हिसा हातीं आला म्हणजे त्यास चार प्रश्न विचारावे. पहिला प्रश्न हेतूचा: हा पर्यटनाचा आहे, शिक्षणाचा आहे, कीं नोकरीचा? ‘पर्यटक म्हणून चला, तेथें गेल्यावर बदलून घेऊं’ असें सांगणारा मनुष्य आपला हितचिंतक नव्हे असें समजावें. दुसरा प्रश्न मालकाचा: कोणाचीही नोकरी करण्याची मोकळीक आहे, कीं एकाच मालकाची? नोकरीचे बहुतेक व्हिसा, निदान आरंभीं तरी, एका मालकाशीं बांधलेले असतात. तिसरा प्रश्न मुदतीचा: ती केव्हां संपते, आणि वाढवून घ्यावयाची झाल्यास अर्ज कोणीं व किती दिवस आधीं करावयाचा? चौथा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो, आणि एकट्या माणसास तोच सर्वांत महत्त्वाचा आहे: नोकरी सुटली तर किती दिवस राहतां येईल? अमेरिकेंत एच-१बी व्हिसावर असलेल्या मनुष्यास अशा प्रसंगीं जास्तींत जास्त ६० दिवस मिळतात. ब्रिटनमध्येंही साधारणतः ६० दिवसांचीच मुदत दिली जाते. तेवढ्यांत दुसरी नोकरी मिळाली नाहीं तर बिऱ्हाड आवरून परत यावें लागतें. म्हणून परतीचें भाडें व दोन-तीन महिन्यांचा खर्च निराळा बाजूस काढून ठेवणें ही चैन नसून त्या चौथ्या प्रश्नाचें उत्तर आहे.

दहावीच्या प्रमाणपत्राचा अर्थ

आतां आपल्याच सरकारचा एक नियम पाहूं. कारण त्याचा आपल्या शाळेशीं प्रत्यक्ष संबंध आहे. १९८३ सालीं आपल्या संसदेनें देशांतराविषयीं एक कायदा केला. त्याच्या व्यवस्थेप्रमाणें, जो दहावी उत्तीर्ण झालेला नाहीं व दुसऱ्या कोणत्याही सवलतींत बसत नाहीं, त्याच्या पासपोर्टाची नोंद ‘ई.सी.आर.’ या वर्गांत होते. या अक्षरांचा अर्थ असा कीं, नोकरीसाठीं जातांना या मनुष्यास सरकारची आगाऊ संमति लागते. ही संमति सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार, ओमान, बहरीन, मलेशिया इत्यादि १८ ठराविक देशांकरितां आहे, आणि ती ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ नांवाचा अधिकारी देतो. त्याचें एक कार्यालय मुंबईंतही आहे. मालक खरा आहे कीं नाहीं, करारांत वेतन व सोयी नीट लिहिल्या आहेत कीं नाहींत, हें पाहून मगच तो संमति देतो. जो दहावी उत्तीर्ण झाला आहे, त्यास मात्र हा नियम लागू होत नाहीं.

पुष्कळ मुलें यावरून एवढाच बोध घेतात कीं, दहावी झालें म्हणजे एक खेटा वांचला. पण या नियमाच्या मुळाशीं असलेला विचार पाहा. ज्यास स्वतःचा करार वाचून समजण्याइतकें शिक्षण मिळालेलें नाहीं, त्याच्या वतीनें तो सरकारनें वाचावा. आणि ज्यास तितकें शिक्षण मिळालें आहे, त्यानें तो आपला आपण वाचावा. म्हणजे दहावीचें प्रमाणपत्र हातांत देतांना सरकार आपणांस जणू सांगत असतें कीं, येथून पुढें तुझा पहारेकरी तूंच. गिरमिटावर अंगठा उठविणाऱ्या मजुरास वाचतां येत नव्हतें म्हणून तो फसला. वाचतां येत असूनही जो वाचीत नाहीं, त्याच्या फसवणुकीस काय म्हणावें? दहावी, बारावी व पदवी झालेले कित्येक तरुण चार-पांच पानांचा करार न वाचतां त्यावर सही करितात, ही गोष्ट आपल्या शिक्षणास शोभणारी नव्हे.

या नियमास कांहीं पुरवण्या आहेत. ई.सी.आर. पासपोर्ट असलेल्या स्त्रीस त्या १८ देशांत नोकरीची संमति मिळण्यास वयाचीं ३० वर्षें पूर्ण असावीं लागतात. तसेंच २०१५ सालापासून परिचारिकांस, त्या कितीही शिकलेल्या असल्या तरी, त्या देशांत जातांना सरकारी संमति घ्यावी लागते व त्यांची भरती सरकारनें नेमलेल्या संस्थांमार्फतच व्हावी लागते. परिचारिकांकडून भरतीच्या नांवाखालीं लाखों रुपये उकळण्याचे प्रकार घडल्यानें हा निर्बंध घालण्यांत आला. ज्या मुलींचा या सेवाभावी व्यवसायाकडे ओढा आहे त्यांनीं व त्यांच्या आईवडिलांनीं ही गोष्ट विशेष लक्षांत ठेवावी.

एजंट व त्याची फी

परदेशीं माणसें पाठविण्याचा धंदा करावयास १९८३ च्या त्याच कायद्याप्रमाणें सरकारी परवाना लागतो. परवानाधारक एजंटांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावर कोणासही पाहतां येते. अशा एजंटानें उमेदवाराकडून घ्यावयाच्या फीची मर्यादा नियमांनीं ३०,००० रुपये, अधिक त्यावरील कर, इतकी ठरविली आहे, आणि तिची रीतसर पावती त्यानें दिली पाहिजे. जो दोन-तीन लक्ष रुपये रोख मागतो व पावतीचें नांव काढल्याबरोबर विषय बदलतो, त्यास शेत किंवा दागिने गहाण टाकून पैसे देण्यापूर्वीं पालकांनीं ती यादी एकदां उघडून पाहावी. ई.सी.आर. वर्गांतील लोकांस जाण्यापूर्वीं प्रवासी भारतीय विमा योजनेचा विमा उतरावा लागतो. त्याचा हप्ता दोन वर्षांस २७५ व तीन वर्षांस ३७५ रुपये असून, अपघाती मृत्यु किंवा कायमचें अपंगत्व आल्यास १० लक्ष रुपयांचें संरक्षण त्यांत आहे. इतक्या स्वल्प खर्चाचा हा आधार. पण विम्याचा कागद घरीं कोणापाशीं आहे हें जर घरच्यांस ठाऊकच नसेल, तर तो असून नसल्यासारखाच.

दोन देशांचीं उदाहरणें

नियम प्रत्येक देशाचे निराळे असतात. तथापि दोन नमुने पाहिले म्हणजे बाकीच्यांची कल्पना येते. पहिला नमुना संयुक्त अरब अमिरातींचा. दुबई त्यांतच आहे. येथें सर्व कांहीं मालकापासून सुरू होतें. मालक प्रथम नोकरीचा देकार पाठवितो. हा देकार अरबी व इंग्रजी यांबरोबर कामगारास समजेल अशा तिसऱ्या भाषेंतही देण्याची सोय तेथील नियमांत आहे, आणि त्या भाषांत हिंदीही आहे. त्यावर सही झाल्यावर मालक सरकारकडून कामाचा परवाना व प्रवेशपत्र मिळवितो. तेथें उतरल्यावर ठराविक दिवसांत वैद्यकीय तपासणी, ओळखपत्र व निवासाची परवानगी हे सोपस्कार पुरे करावे लागतात. २०२१ सालीं झालेल्या तेथील कामगार कायद्याप्रमाणें भरतीचा खर्च मालकानें सोसावयाचा असतो. तो कामगाराकडून वसूल करितां येत नाहीं. कामगाराचा पासपोर्ट मालकानें अडकवून ठेवणें हेंही त्या कायद्यास मान्य नाहीं. मूळ देकारांत एक वेतन आणि तेथें पोंचल्यावर पुढें केलेल्या करारांत दुसरें, असा प्रकार घडूं शकतो. म्हणून सही केलेल्या देकाराची प्रत विमानांत बसण्यापूर्वींच घरीं ठेवून जावी.

दुसरा नमुना जर्मनीचा. तेथें मालकाइतकेंच महत्त्व पात्रतेस आहे. जर्मनींत काम करणाऱ्या हातांची वाण आहे, म्हणून १ मार्च २०२० पासून परदेशच्या कुशल लोकांस घेण्याचा नवा कायदा तेथें अमलांत आला व २०२३ सालीं तो आणखी सैल करण्यांत आला. २०२४ च्या ऑक्टोबरांत भारतीय कुशल कामगारांसाठीं वार्षिक व्हिसांची मर्यादा २०,००० वरून ९०,००० वर नेण्याचें जर्मन सरकारनें जाहीर केलें. त्याच वर्षीं महाराष्ट्र शासनानेंही बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन प्रांताशीं कुशल मनुष्यबळ पाठविण्यासंबंधीं करार केला. परंतु दार रुंद झालें म्हणून उंबरठा नाहींसा झाला असें नव्हे. आपली पदवी किंवा धंदेशिक्षण जर्मन शिक्षणाच्या तोडीचें आहे, अशी मान्यता बहुतेकांस आधीं मिळवावी लागते. परिचारिकेचें उदाहरण घ्या. तिच्या शिक्षणाची तपासणी त्या त्या प्रांताचें खातें करितें, उणीव आढळल्यास परीक्षा द्यावयास किंवा पूरक शिक्षण घ्यावयास सांगतें, आणि जर्मन भाषा बहुतेक ठिकाणीं बी-२ या पायरीपर्यंत यावी लागते. युरोपांत भाषाज्ञानाच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या मानितात. बी-२ ही त्यांतील चौथी. तेथवर चढावयास सामान्य विद्यार्थ्यास वर्ष-दीड वर्षाचा नेटाचा अभ्यास लागतो. ‘तीन महिन्यांत जर्मन, चौथ्या महिन्यांत जर्मनी’ अशा जाहिरातींचें मोल यावरून ठरवावें.

जर्मनींत उतरल्यावरही काम संपत नाहीं. राहण्याची जागा मिळाल्यापासून दोन आठवड्यांच्या आंत नगर कचेरींत आपला पत्ता नोंदवावा लागतो, आरोग्यविमा घ्यावाच लागतो, आणि व्हिसाची मुदत सरण्यापूर्वीं परदेशी लोकांच्या कचेरींत निवासपरवान्यासाठीं अर्ज करावा लागतो. ‘ब्ल्यू कार्ड’ नांवाचा परवाना घेऊन गेलेल्या पदवीधरानें पहिल्या बारा महिन्यांत नोकरी बदलली, तर तीही गोष्ट त्या कचेरीस कळवावी लागते. हें सर्व परक्या भाषेंत, अनोळखी शहरांत, आणि बहुधा थंडीच्या दिवसांत एकट्यानें करावयाचें असतें. ज्यानें घरीं असतां रेशनचा अर्जही कधीं स्वतः भरला नाहीं, त्यास हें काम पर्वतप्राय वाटल्यास नवल नाहीं.

नियम एकसारखे राहात नाहींत, हेंही लक्षांत असावें. ब्रिटननें वृद्ध व रोगी यांची निगा राखण्याच्या कामासाठीं परदेशांतून नवीन माणसें घेण्याचा मार्ग २२ जुलै २०२५ पासून बंद केला. १९ सप्टेंबर २०२५ रोजीं अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनीं देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लक्ष डॉलर आकारण्याचा जाहीरनामा काढला. म्हणून गेल्या वर्षीं गेलेल्या मित्राचा अनुभव ऐकावा जरूर, पण त्यावर विसंबून तिकीट काढूं नये. त्या त्या देशाच्या सरकारनें स्वतः प्रसिद्ध केलेली माहिती अर्जाच्या दिवशीं पुन्हां वाचावी.

फसवणुकीची नवी तऱ्हा

अलीकडे फसवणुकीनें फारच भयंकर रूप धारण केलें आहे. संगणकावरील सोपें काम व भरघोस पगार, असें आमिष दाखवून सुशिक्षित तरुणांस थायलंडांत पर्यटक म्हणून नेण्यांत आलें, आणि तेथून सरहद्दीपलीकडे म्यानमारमध्यें कोंडून त्यांच्याकडून लोकांस लुबाडण्याचीं कामें करवून घेण्यांत आलीं. २०२५ च्या मार्च महिन्यांत अशा पांचशेंहून अधिक भारतीयांस आपल्या वायुदलाच्या विमानांनीं परत आणावें लागलें. हे लोक निरक्षर नव्हते. उलट संगणक व इंग्रजी येत होतें म्हणूनच त्यांना हेरण्यांत आलें होतें. पण ‘नोकरी आहे, तर व्हिसा पर्यटकाचा कां?’ हा एक प्रश्न वेळेवर कोणी विचारला असता, तर त्यांतील कित्येक घरीं सुखरूप राहिले असते.

आज शाळेंत असतांनाच करावयाचें काम

आपण अद्याप शाळेंत आहों, मग आतांपासून या गोष्टींचा काय उपयोग, असें कोणी विचारील. उपयोग पुष्कळ आहे. पहिली गोष्ट नांवाची. आपल्याकडे दहावीच्या प्रमाणपत्रावर आधीं आडनांव, मग स्वतःचें नांव व नंतर वडिलांचें नांव असा क्रम असतो. पासपोर्टावर आडनांव निराळ्या रकान्यांत व बाकीचीं नांवें निराळ्या रकान्यांत असतात. त्यांत एकच नांव इंग्रजींत एका कागदावर एक प्रकारें व दुसऱ्यावर दुसऱ्या प्रकारें लिहिलेलें आढळतें. परक्या देशाच्या कारकुनास त्या दोन निराळ्या व्यक्ति वाटतात, आणि मग प्रतिज्ञापत्रें व राजपत्रांतील जाहिरात यांत महिने जातात. संयुक्त अरब अमिरातींनीं तर नोव्हेंबर २०२२ पासून, पासपोर्टावर एकच नांव असून आडनांवाचा रकाना रिकामा असलेल्या पर्यटकांस प्रवेश देणें बंद केलें आहे. म्हणून जन्माचा दाखला, शाळेचा दाखला व आधारपत्र यांवरील नांव, जन्मतारीख व अक्षरें एकमेकांशीं जुळतात कीं नाहीं, हें पालकांनीं दहावीचा अर्ज भरण्यापूर्वींच पाहावें. शाळेच्या दप्तरांतील चूक विद्यार्थी शाळेंत आहे तोंवर सुधारणें सोपें असतें. धाकट्या भावंडांविषयीं आणखी एक सूचना: १ ऑक्टोबर २०२३ रोजीं किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या पासपोर्टास जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच लागतो, शाळेचा दाखला चालत नाहीं.

दुसरी गोष्ट प्रमाणपत्रें जपण्याची. परदेशीं तीं जशींच्या तशीं मानीत नाहींत. प्रथम राज्य शासनाचा अधिकारी व नंतर परराष्ट्र मंत्रालय त्यांवर साक्षांकन करितें. १९६१ सालच्या हेग येथील करारांत भारत २००५ सालापासून सामील आहे. त्या करारांतील बहुतेक देशांस मंत्रालयाचें ‘एपोस्टिल’ नांवाचें साक्षांकन पुरतें. इतर देशांकरितां त्या देशाच्या वकिलातीचाही शिक्का घ्यावा लागतो. फाटलेल्या, खाडाखोड झालेल्या किंवा घडी पडून अक्षर पुसलेल्या कागदावर हे शिक्के मिळण्यास अडचण येते.

तिसरी गोष्ट संवयीची. कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वीं तो संपूर्ण वाचावा, न समजलेल्या शब्दाखालीं रेघ ओढावी, आणि समजेपर्यंत विचारीत राहावें. ही संवय वयाच्या पंचविसाव्या वर्षीं विमानतळावर लागत नाहीं. ती शाळेंतच लागली पाहिजे.

जाणाऱ्यानें व घरच्यांनीं

जावयाचें निश्चित झालें म्हणजे पासपोर्ट, व्हिसा, करार, विमा व मालकाचा पत्ता यांच्या प्रतींचा एक संच घरीं ठेवावा व एक आपल्याजवळ, पण मूळ कागदांपासून निराळा ठेवावा. तेथें पोंचल्यावर भारतीय वकिलातींत नोंद करावी. वेतन थकलें, पासपोर्ट अडकवला किंवा आजार ओढवला, तर दाद मागण्यासाठीं परराष्ट्र मंत्रालयानें २०१५ पासून ‘मदद’ नांवाची तक्रारव्यवस्था ठेविली आहे, आणि संकटांत सांपडलेल्यांसाठीं वकिलातींत २००९ पासून एक कल्याणनिधि आहे. पण घरच्यांपाशीं पासपोर्टाचा क्रमांक व मालकाचें नांवही नसेल, तर तक्रार तरी कशाची करणार?

पालकांस एक विनंति आहे. मुलगा किंवा मुलगी तेथें एकटी असते. ‘सर्व कांहीं ठीक आहे’ या तिच्या वाक्यामागें काय आहे, हें दुरून कळत नाहीं. कर्ज काढून पाठविलेलें मूल त्या कर्जाच्या भारानेंच खरी स्थिति लपवितें. म्हणून जातांनाच त्यास स्पष्ट सांगावें कीं, गोष्टी बिघडल्या तर परत येण्यांत कमीपणा नाहीं. हें एक वाक्य शिदोरींतील लाडवांपेक्षां अधिक काळ पुरतें.

आपल्या गांवांतही परप्रांतांतून एकटे आलेले कामकरी असतात. त्यांनाही भाषा येत नाहीं व त्यांचेही कागद अपुरे असतात. परक्याशीं ममतेनें वागा, कारण तुम्हीही एकदां मिसर देशांत परके होतां, अशी आठवण जुन्या करारांत इस्राएल लोकांस पुनःपुन्हां दिली आहे. उद्यां जे परके होणार आहेत त्यांनीं ती आजच लक्षांत घ्यावी.

शेवटीं विद्यार्थ्यांस एक अभ्यास. येत्या सुट्टींत घरीं येणाऱ्या एखाद्या परदेशस्थ आप्ताजवळ त्याचा व्हिसा व करार वाचावयास मागा, आणि वर सांगितलेले चार प्रश्न त्यांस लावून पाहा: काम कोणतें, मालक कोणता, मुदत किती, आणि नोकरी सुटल्यास किती दिवस? उत्तरें वहींत लिहून काढा. एखादें उत्तर त्या आप्तासही ठाऊक नसेल. तें शोधण्यास तुम्हीं त्यास साहाय्य केलें, तर त्या दिवशीं तुमचें शिक्षण तुमच्या घरास उपयोगी पडलें असें म्हणतां येईल.